डबा तोच, कपलर तोच, पिना वेगळ्या

गुरुजींची गाडी टोचन लावून आली. लातुरात औसा रोडला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. अशा गाड्या आठवड्याला एक-दोन येतातच. "सेल्फ मारायलीय, पण चालू होईना," गुरुजी म्हणाले. "काल संध्याकाळपर्यंत चांगली होती." काल संध्याकाळी काय केलं, म्हणून विचारलं तर कळलं की गावातल्या वेल्डरकडून मागच्या बंपरखाली हुक बसवून घेतला होता, छोटी ट्रॉली ओढायला. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढली होती का? गुरुजी माझ्याकडे बघत राहिले. "हुक मागं, बॅटरी पुढं. त्याचा काय संबंध?"

संबंध आहे. वेल्डिंगचा करंट शंभर अँपिअरच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो. वेल्डरने अर्थचा चिमटा जवळच न लावता लांब कुठेतरी, समजा दरवाजाच्या बिजागरीला लावला, तर तो करंट परत जायला पत्र्यातून जी वाट सापडेल ती धरतो. गाडीत बॅटरीची अर्थ, इंजिनाची अर्थ, ईसीएमची (इंजिनाच्या कॉम्प्युटरची) अर्थ हे सगळं त्याच पत्र्याला जोडलेलं असतं. त्यातली एखादी वाट ईसीएमच्या पोटातून जाते आणि पाच व्होल्टवर चालणाऱ्या नाजूक भागाचा कोळसा होतो. बॅटरी सुटी करायची, ईसीएमचा कपलर, म्हणजे सगळ्या वायरी जोडणारा प्लग, काढायचा, चिमटा वेल्डिंगच्या वीतभर अंतरात लावायचा, एवढं केलं की हे टळतं. कामाला पाच मिनिटं लागतात.

आता ईसीएम म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. पुस्तकात त्याला ईसीयू म्हणतात, गॅरेजवर ईसीएम किंवा नुसता 'डबा'. डॅशबोर्डच्या खाली, नाहीतर बॅटरीच्या शेजारी बसवलेली ॲल्युमिनियमची पेटी. तिला इंजिन दिसत नाही, ऐकू येत नाही. सज्जात बसलेल्या जुन्या तलाठ्याला कोतवाल येऊन सांगेल तेवढंच गाव कळायचं, तसं हिचं आहे. क्रँक सेन्सर सांगतो इंजिन किती फिरलं, मॅप सेन्सर सांगतो हवा किती ओढली, टेम्परेचर सेन्सर सांगतो पाणी किती तापलं, ऑक्सिजन सेन्सर सांगतो जळल्यानंतर काय उरलं. या वर्दीवर डबा दोन मुख्य निर्णय घेतो: इंजेक्टर किती वेळ उघडायचा आणि ठिणगी कधी टाकायची.

हे किती भराभर चालतं बघा. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल तर सेकंदाला 50 फेरे झाले. चार स्ट्रोकच्या इंजिनात एका सिलिंडरला दोन फेऱ्यांत एकदा पेट्रोल लागतं, म्हणजे दर 40 मिलिसेकंदांनी एकदा. त्यातही इंजेक्टर उघडा राहतो तो मोजक्या मिलिसेकंदांसाठी. त्यात अर्ध्या मिलिसेकंदाचा फरक पडला तरी गाडी काळा धूर टाकते, नाहीतर मिसिंग करते.

डबा बदलणं म्हणजे या तलाठ्याची बदली. नवा हुशार असेल, पण तो ज्या गावाहून आला तिथले कोतवाल वेगळ्या वेळी, वेगळ्या बोलीत वर्दी देत होते. गाडी चालू होईना, चालू झाली तर पळेना, पळाली तर पेट्रोल पिऊ लागली, ही सगळी रडगाणी तिथून सुरू होतात.

पण त्याआधी एक सांगायलाच पाहिजे. "ईसीएम गेलाय" असं सांगून माझ्याकडे पाठवलेले कितीतरी डबे चांगले निघालेत. डबा मेला म्हणायच्या आधी तीन गोष्टी मीटर लावून बघायच्या. पहिली सप्लाय: डब्याला बॅटरीचा कायमचा सप्लाय असतो आणि चावी फिरवल्यावर येणारा वेगळा. दोन्ही येताहेत का? बऱ्याच गाड्यांत डबा स्वतःच मेन रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, ओढून आपला मोठा सप्लाय घेतो, त्यामुळे रिलेचा टकटक आवाजही ऐकायचा. दुसरी अर्थ. इथे लोक फसतात. ओहमवर मीटर ठेवून बॉडीशी बीप वाजली की अर्थ चांगली, असं समजून पुढे जातात. दहा तारांच्या वायरीतली एक तार शिल्लक असली तरी बीप वाजते. खरी परीक्षा करंट चालू असताना होते: मीटर व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं डब्याच्या अर्थ पिनेला, आणि माणसाला सेल्फ मारायला सांगायचं. व्होल्टेज शून्याच्या अगदी जवळ, फार तर 0.1 व्होल्टच्या आत राहिलं पाहिजे. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर वायर आतून कुजलीय, नाहीतर बोल्टखाली गंज आहे. पावसाळ्यात पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांत हे फार. 2025 च्या सप्टेंबरात धाराशिव, बीड, लातूरकडे जो पाऊस झाला, त्यानंतर पायाखालच्या मॅटमध्ये ओल धरून बसलेल्या गाड्यांत अर्थच्या बोल्टांवर हिरवी बुरशी चढली होती. आणि उंदीर! सोयाबीनची पोती ठेवलेल्या शेडमध्ये गाडी लावाल तर तो वायरिंगकडे आधी वळतो, पोत्याकडे नंतर.

तिसरी गोष्ट पाच व्होल्ट. डबा सेन्सरांना स्वतः पाच व्होल्ट पुरवतो. तो सप्लाय मिळत नसेल तर डबाच मेला असं नाही. एखादा सेन्सर आतून शॉर्ट होऊन सगळी लाइन खाली ओढत असू शकतो. म्हणून एकेक सेन्सरचा कपलर काढत जायचं. एखादा काढल्याबरोबर मीटरवर पाच आले, तर चोर सापडला आणि गिऱ्हाइकाचे हजारो रुपये वाचले. गुरुजींच्या गाडीत सप्लाय होता, अर्थ होती, सगळे सेन्सर काढले तरी पाच व्होल्ट आले नाहीत. मग मात्र डबा गेला म्हणायला हरकत नव्हती.

नव्या डब्याची किंमत ऐकून गुरुजी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या भाच्याने सोलापूरहून भंगारात निघालेल्या गाडीचा डबा आणला. तेच मॉडेल, तेच 2011 साल, कपलरही तंतोतंत बसतो. "लावून टाका, दादा." मी लावला नाही. एक गाडी एमएच-24, लातूरची, दुसरी एमएच-13, सोलापूरची, यात फरक असतो.

1 एप्रिल 2010 पासून दिल्ली, मुंबई, पुणे अशा 13 शहरांत गाडीच्या धुराचे बीएस4 नियम लागू झाले आणि त्या 13 मध्ये सोलापूर होतं. लातूर नव्हतं. सगळ्या देशाला बीएस4 लागू झालं ते 1 एप्रिल 2017 ला, आणि बीएस6 आलं 1 एप्रिल 2020 ला. मधल्या वर्षांत एकच मॉडेल दोन प्रकारांत रस्त्यावर आलेलं सापडतं. तुळजापूरचा घाट उतरला की नियम बदलत होता म्हणा ना. गुरुजींच्या गाडीला सायलेन्सरच्या पाइपवर एक ऑक्सिजन सेन्सर होता, भंगारातल्या गाडीला दोन. म्हणजे सोलापूरच्या डब्यात दुसऱ्या सेन्सरच्या पिना जास्त, आणि त्यांना जागा करून द्यायला बाकीच्या काही पिना सरकलेल्या. कपलर कसा बसतो ते प्लास्टिकच्या साच्यावर ठरतं. कोणत्या पिनेत काय आहे, हे तो सांगत नाही. बारा व्होल्टची वायर जर पाच व्होल्टच्या पिनेत गेली, तर दुसरा डबाही पहिल्याच्या शेजारी फळीवर जाऊन बसतो.

म्हणून डब्यावरच्या स्टिकरचा नंबर बघायचा, पूर्ण, शेवटच्या अक्षरापर्यंत. नंबर जुळला तर बहुतेक काम सोपं. नाही जुळला तर कात्री बाजूला ठेवायची आणि कागद घ्यायचा.

माझा कागद असा असतो. डावीकडे जुन्या डब्याच्या पिनेचा नंबर, मध्ये त्या वायरचं काम आणि रंग, उजवीकडे नव्या डब्यात त्याच कामाची पिन. दोन्ही गाड्यांचा वायरिंग डायग्राम समोर पाहिजे. नुसत्या रंगावर विश्वास ठेवायचा नाही. काळी म्हणजे अर्थ असं समजून एकाने इंजेक्टरची वायर बॉडीला जोडलेली मी बघितलीय, त्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नुसतं वाहत होतं. डायग्रामवर जे लिहिलंय ते मीटरने खरं करून घ्यायचं: कपलरच्या पिनेपासून सेन्सरच्या पिनेपर्यंत वायर सलग आहे का, आणि मधे बॉडीला कुठे लागलेली नाही ना. साठ-सत्तर पिना असतील तर अख्खी दुपार जाते. या कामाला गिऱ्हाईक पैसे द्यायला का-कू करतं, कारण त्याला मी नुसता कागदावर लिहीत बसलेला दिसतो.

अर्थचे दोन प्रकार असतात, हे कागदावर वेगळं लिहायचं. एक ताकदीची अर्थ: इंजेक्टर, कॉइल यांचा करंट तिच्यातून जातो. चावी ऑन असली की इंजेक्टरला बारा व्होल्ट मिळत राहतात आणि डबा त्याची दुसरी बाजू अर्थ करून त्याला उघडतो, म्हणून हा करंट डब्याच्या अर्थातून वाहतो. दुसरी सेन्सरची अर्थ. ही डब्याच्या आतून येते आणि फक्त सेन्सरांसाठी असते. वायर कमी पडली म्हणून सेन्सरची अर्थ बॉडीला जोडली, तर कॉइलच्या प्रत्येक ठिणगीचा धक्का सेन्सरच्या आकड्यात मिसळतो. गाडी चालते, पण मधूनच झटके देते आणि स्कॅनरवर, म्हणजे डब्यातली माहिती वाचणाऱ्या यंत्रावर, धड काही दिसत नाही. असं दुखणं शोधण्यात दोन दिवस जातात.

वायर जुळवल्या म्हणजे काम झालं, असं नाही. वायरमधून जे येतं ते नव्या डब्याला कळलं पाहिजे. सगळ्यात अवघड क्रँक सेन्सर. क्रँकवर दात्यांचं एक चाक असतं आणि त्यात मुद्दाम एक-दोन दाते गाळलेले असतात. ती मोकळी जागा सेन्सरसमोरून गेली की डब्याला फेऱ्याची सुरुवात कळते. काही इंजिनांत 60 दात्यांच्या जागेतून 2 गाळलेले, काहींत 36 मधून 1. साठाची सवय असलेल्या डब्याला छत्तिसाचं चाक दाखवलं तर तो ठिणगीच टाकत नाही. सेन्सरही दोन जातींचे: दोन वायरींचा, जो चुंबक आणि गुंडाळीवर स्वतःच वीज तयार करतो, आणि तीन वायरींचा हॉल सेन्सर, ज्याला सप्लाय द्यावा लागतो. एकाच्या जागी दुसरा चालत नाही. दोन वायरींच्या सेन्सरमध्ये वायर उलटी-सुलटी झाली, तरी डबा दात्याची चुकीची कड मोजतो आणि ठिणगीची वेळ सरकते. या वायरीभोवती जाळी असेल तर ती जोडाच्या ठिकाणीही सलग ठेवायची.

टेम्परेचर सेन्सर तसा साधा, पण फसवा. पाणी तापलं की त्याचा ओहम कमी होतो. बऱ्याच गाड्यांत 20 अंशांना दोन-अडीच हजार ओहम आणि 80 अंशांना तीनशेच्या आसपास. नव्या डब्याच्या मनातलं कोष्टक वेगळं असेल, तर इंजिन तापलेलं असताना त्याला थंड वाटतं आणि तो पेट्रोल ओततो. इथे वैशाखात बेचाळीस अंशांत बोनेटखाली काय होतं ते वेगळं सांगायला नको. तिथे डब्याने पंखा उशिरा लावला, तर गॅस्केट जाते. उपाय सोपा आहे: डब्यासोबत त्याच्याच गाडीचा सेन्सर आणायचा.

इंजेक्टरचा ओहमही मोजायचा. बारा ते सोळा ओहमचे इंजेक्टर एका अँपिअरच्या आसपास करंट घेतात. काही इंजेक्टर दोन-तीन ओहमचे असतात, ते पाच अँपिअर मागतात. पहिल्यासाठी बनवलेल्या डब्याला दुसरे जोडले, तर आतला ट्रान्झिस्टर जळतो. आणि एक गाडी केबलच्या ॲक्सिलेटरची, दुसरी इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची (हवेची झडप मोटरने उघडणारी) असेल, तर मी सरळ नाही म्हणतो. इलेक्ट्रॉनिक पेडलमध्ये दोन सेन्सर एकमेकांना तपासत असतात, थ्रॉटलमध्येही दोन. त्या जागी जुगाड करायचा, आणि मग गाडी मांजरसुंब्याच्या घाटात आपोआप रेस झाली तर? असलं काम दुसऱ्या कुणाकडून करून घ्या.

जोडाबद्दल माझं स्पष्ट मत आहे: गाडीचं मूळ वायरिंग कापायचं नाही. भंगारातून डबा आणताना त्याचा कपलर वीतभर वायरींसह कापून आणायला सांगायचा. मग एका बाजूला जुन्या गाडीच्या कपलरला बसणारं तोंड आणि दुसऱ्या बाजूला नव्या डब्याचा कपलर, असा मधला तुकडा टेबलावर बसून बनवायचा. चूक झाली तर तुकडा काढून टाकता येतो, गाडी जशीच्या तशी राहते. जोड सगळे एका जागी आणायचे नाहीत, दोन-दोन इंच सरकवत जायचं, नाहीतर तिथे गाठोडं होतं आणि पत्र्याला घासतं. वायर पिळून टेप गुंडाळणं म्हणजे चार महिन्यांनी परत बोलावणं. उन्हाळ्यात टेपचा डिंक वितळून वाहतो. नीट क्रिंप (पक्कडीने दाबलेला जोड) किंवा सोल्डर, वरून गरम केल्यावर आवळणारी स्लीव्ह, आणि सोल्डर केलेला जोड हलणार नाही असा बांधून ठेवायचा, कारण सोल्डरची कड ताठ होते आणि हादऱ्याने तिथेच तुटते.

एवढं करूनही गाडी सेल्फ मारून गप्प राहिली, तर बहुतेक इमो आडवा येतो. इमोबिलायझर. चावीच्या प्लास्टिकमध्ये एक चिप असते. तिला बॅटरी लागत नाही. कुलपाभोवती जी वेटोळी असते तिच्यातून तिला वीज मिळते आणि ती आपला नंबर सांगते. तो नंबर ओळखीचा असेल तरच डबा इंजेक्टर सोडतो. सोलापूरच्या डब्याला गुरुजींची चावी चोराचीच वाटणार. तीन रस्ते आहेत: डब्यासोबत त्याच गाडीची चावी आणि इमोचं युनिट आणायचं, जुन्या डब्याच्या मेमरीतला मजकूर नव्यात उतरवायचा, तो वाचता आला तर, किंवा जिथे शक्य आहे तिथे स्कॅनरने चावी मॅच करून घ्यायची. इमो कायमचा बंद करून देतो म्हणणारेही भेटतात. मी ते करत नाही. आणि भंगारातल्या डब्याची पावती नसेल तर तो हातातही घेत नाही, तो कुठून निघालाय कोण जाणे.

कायद्याचंही एका ओळीत: मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे कंपनीने जशी बनवली त्यापेक्षा वेगळी गाडी करता येत नाही. मेलेल्या डब्याच्या जागी त्याच कामाचा डबा ही दुरुस्ती. पण पिकअप वाढवायला डब्यात भलतंच मॅपिंग, म्हणजे पेट्रोल-ठिणगीचं कोष्टक, टाकून धूर वाढवला, तर पीयूसीवाल्याला काय सांगणार?

चौथ्या दिवशी गुरुजींच्या गाडीचा तुकडा तयार झाला. तीन पिना सरकवल्या, दुसऱ्या ऑक्सिजन सेन्सरसाठी पाइपवर जागा आणि सेन्सर बसवला, जुन्या डब्यातला इमोचा मजकूर सुदैवाने वाचता आला. पहिली चावी फिरवताना मी इंजेक्टरांचे कपलर काढून ठेवतो, म्हणजे घोटाळा असला तरी सिलिंडरमध्ये पेट्रोल भरत नाही. चावी ऑन: चेक लाइट पेटली, पंप दोन-तीन सेकंद घुमून थांबला, स्कॅनरला डबा सापडला. स्कॅनरचं सॉकेट 16 पिनांचं असतं. 4 आणि 5 अर्थ, 16 ला बॅटरी, एवढं आधी बघून घेतलं होतं. मग सेल्फ मारला आणि स्कॅनरवर आरपीएम बघितला. शून्य दाखवला असता तर क्रँकच्या वायरीकडे परत जावं लागलं असतं. 240 दाखवला. थांबलो, इंजेक्टर जोडले, परत सेल्फ.

चालू झाली. आयडलिंग थोडं वर-खाली होत होतं, ते पंधरा-वीस मिनिटांत डब्याने आपलं आपण शिकून घेतलं. पंखा लागेपर्यंत बोनेट उघडं ठेवून उभा राहिलो. मग औशाच्या किल्ल्यापर्यंत चक्कर मारून आलो.

पिनांचा तो कागद मी झेरॉक्स काढून, प्लास्टिकमध्ये घालून गाडीच्या कप्प्यात ठेवतो. पुढच्या मेकॅनिकने मूळ डायग्राम उघडला तर त्याला यातलं काहीच जुळणार नाही, आणि शिव्या मलाच बसतील. आठ दिवसांनी गुरुजी हुकाचे उरलेले दोन बोल्ट आवळून घ्यायला आले, तेव्हा कागद सोबत होता. त्यावर लाल पेनाने खुणा. "थ्रॉटल"मधला र दुरुस्त केला होता, "टेंपरेचर" तीन वेगवेगळ्या पद्धतींनी लिहिलं म्हणून रेघ मारली होती. आणि खाली गोल करून: "पिन क्र. 34 दोनदा आली आहे. तपासा."

खरंच दोनदा आली होती. मी पायाखालची मॅट उचलली, टॉर्च लावली आणि तुकड्यावर बोट ठेवून वायरी मोजल्या. वायर बरोबर 43 मध्ये होती; लिहितानाच आकडे उलटे पडले होते. गुरुजींच्या लाल पेनानेच खोडून नीट लिहिलं.